व्यवसाय काही नाही

पडद्यावर ढिवरटोली आली ती गुलाबी रंगाची होऊन. देवानंद नान्हे तेव्हा चहात बिस्किट बुडवत होता. बुडालेला अर्धा तुकडा तुटून कपात पडला आणि उरलेला कोरडा अर्धा बोटांत धरून तो पडद्याकडे बघत राहिला. जिल्ह्याच्या हिरव्या नकाशावर, वैनगंगेच्या निळ्या रेघेला गोचिडासारखा चिकटलेला एक गुलाबी ठिपका. ठिपक्यातून निघालेला जाड काळा बाण हायवेवरच्या गोदामांच्या चौकोनात घुसला होता, आणि बाणाखाली लिहिलं होतं, अंतर अकरा किलोमीटर. उजवीकडे ठिपक्याची माहिती होती. कुटुंबे दोनशे बारा. व्यवसाय काही नाही, त्र्याऐंशी टक्के. नदीवर अवलंबून, नगण्य. स्थलांतरास योग्य. देवानंदने त्र्याऐंशीचा आकडा दोनदा वाचला. तो आकडा त्याचा होता, घरोघर फिरून, चिखलात चप्पल रुतवून त्याने स्वतः टॅबवर भरलेला. आणि त्या ठिपक्यात, नदीकडून तिसऱ्या ओळीत, टिनाच्या छपराखाली त्याची आई राहत होती, हे त्या थंडगार हॉलमधल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

हॉल लग्नाचा होता. खुर्च्यांना पांढरे झगे घातलेले, झग्यांना मागे सोनेरी गाठी, आणि सगळीकडे मोगऱ्याच्या फवाऱ्याचा गोडमिट्ट वास. जिल्ह्याचा वीस वर्षांचा आर्थिक विकास आराखडा करण्याचं काम पुण्याच्या एका कंपनीला मिळालं होतं. त्या कंपनीचा टीम लीडर मंगेश सर हातातल्या लाल दिव्याने ठिपक्यावर गोल गोल काढत बोलत होता. "वस्ती नुसती वस्तीपुरती सुधारली, तर ती पाच वर्षांत पुन्हा बुडते. तिला प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेशी जोडायला हवं." समोरच्या रांगेतले अधिकारी माना डोलावत होते. हे वाक्य शब्दन् शब्द देवानंदचं होतं. गेल्या उन्हाळ्यात, करारावरचा सर्वेक्षक म्हणून नवा नवा असताना, त्याने रात्र जागून दोन पानांचं टिपण लिहिलं होतं. नदीवर बर्फाचा छोटा कारखाना, काठापर्यंत गाडी जाईल असा रस्ता, नागपूरच्या बाजारात टोलीचा स्वतःचा ओटा, आणि वरून येणाऱ्या घाण पाण्याचा बंदोबस्त. टिपण सराने वाचलं, 'छान लिहितोस रे' म्हणाला. आता त्यातलं एवढं एकच वाक्य जिवंत राहिलं होतं, बाकीचं आतडं काढून टाकलं होतं, आणि त्या पोकळीत गोदामं भरली होती. गोदामांना हमाल लागणार होते. हमालांसाठी पत्र्याची वसाहत लागणार होती. वसाहतीसाठी ज्यांचं कुठेच काही अडकलेलं नाही अशी माणसं लागणार होती, आणि ती देवानंदने शोधून दिली होती.

आकड्यातली ही चूक टोलीबाहेरच्या माणसाच्या हातून झाली असती तर तिला अज्ञान म्हणता आलं असतं. कंपनीला आकडे जुलैत हवे होते, आणि जुलैत आखाड असतो. आखाड लागला की ढिवरटोलीत जाळी धुऊन आढ्याला टांगतात, डोंगे काठावर पालथे घालतात. मासोळ्यांच्या पोटात अंडी असतात, म्हणजे नदी बाळंतीण. तिला दोन महिने हात लावायचा नाही, आणि नुसता हातच नव्हे, त्या दिवसांत धंद्याचं नावही तोंडातून काढायचं नाही. कुणी विचारलंच की काय करता, तर म्हणायचं, काही नाही करत. सात वर्षांचा असताना देवानंदने वाटेवरच्या एका व्यापाऱ्याला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, आमच्याकडे मरळ मिळते. बापाने, केवळरामने, तिथल्या तिथे कानाखाली वाजवली होती. "बारतीनीच्या खोलीत सुरीचं नाव घेतेत का रे?" एवढंच म्हणाला होता. बाप फार बोलणारा नव्हता, आणि त्याचा हात फार जड होता. आता बाप नाही, पण आखाडात देवानंदच्या तोंडून आजही मासोळी हा शब्द फुटत नाही, सासुरवाडीतसुद्धा फुटत नाही, आणि त्याची बायको खुशबू त्याला हसते. असा हा माणूस टॅब घेऊन ऐन आखाडात टोलीत शिरला. दोनशे बारा दारांत उभा राहिला. व्यवसाय काय, असं त्याने विचारलं, आणि बहुतेक दारांतून त्याला तेच उत्तर मिळालं जे मिळणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आईच्या, जमुनाबाईच्या, दारात तर ती आधी हसली, मग पदर डोक्यावर घेऊन टॅबकडे बघत म्हणाली, "काही नाही करत जी." पोरगा आपलाच, त्याला काय फोड करून सांगायची, असं ते हसू होतं. डोक्यावर जाळ्यांचा ढीग टांगलेला. देवानंदने यादी उघडली. मासेमारी चौथ्या नंबरवर होती. तो बोट सरकवत खाली गेला, अगदी शेवटपर्यंत, आणि 'काही नाही' वर टेकवलं.

का टेकवलं, हे त्याने स्वतःला वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं सांगितलं होतं. एक कारण चांगलं होतं, लोकांत सांगण्यासारखं. वंचित वस्त्यांना गुण मिळतात, बेकारी जितकी जास्त तितके गुण जास्त, आणि जास्त गुणांच्या वस्तीत नाली आधी येते. टोलीची नाली म्हणजे घरांमधून वाहणारा काळा गाळ. पावसाळ्यात तो चुलीपर्यंत येई आणि आई विटांवर विटा रचून चूल उंच करी. तेव्हा त्याला वाटलं, सरकारलाही सरकारच्याच भाषेत गंडवावं, एवढी हुशारी आपल्यात आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण या कारणाच्या खाली दुसरं कारण होतं, आणि ते गाळासारखं थंड होतं. त्याला ते चौथ्या नंबरचं नाव आपल्या आईच्या नावापुढे नको होतं. सहावीत एका मास्तरने त्याला खिडकीजवळचा बाक दिला होता, वारा येतो म्हणून. सगळा वर्ग हसला होता, आणि तोही हसला होता, सगळ्यांत मोठ्याने. त्या दिवसापासून तो शाळेत जाण्याआधी लिंबाच्या पाल्याने हात घासायचा, कातडी लाल होईपर्यंत. शहरात दोन खोल्या घेतल्यावर त्याने पहिली वस्तू आणली ती सुगंधी साबणाची पेटी. आई भेटायला येई तेव्हा ती दारातून आत येण्याआधी तो खिडक्या उघडायचा. ती हे बघायची आणि काही बोलायची नाही, आणि तिच्या त्या न बोलण्याची त्याला किळस यायची. तिची नव्हे, स्वतःचीही धड नव्हे, दोघांच्या मध्ये जे काही साचलं होतं त्याची.

आता मंगेश सर पुढच्या पडद्यावर गेला होता. तिथे टोली नव्हतीच. गुलाबी ठिपक्याच्या जागी फरसबंदी काठ, दिव्यांचे खांब, आणि सायकलवरून जाणारी एक गोरी बाई, तिच्या टोपलीत फुलं. नदीतल्या मासेमारीचा ठेका टोलीच्या सोसायटीकडे होता, तो या वर्षी संपत होता. नदीवर कुणी अवलंबूनच नाही म्हटल्यावर तो पुन्हा कशाला द्यायचा, असं एका अधिकाऱ्याने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, प्रश्नच नाही. आजच संध्याकाळी यादी वर जाणार होती. एकदा वर गेलेली यादी खाली येत नाही, हे सरकारी कामाची हवा लागलेल्या कुणालाही समजतं. म्हणजे आत्ता अकरा वाजले होते आणि संध्याकाळपर्यंत एका माणसाने उठून एवढंच म्हणायचं होतं की आकडा खोटा आहे, आखाडात घेतलेला आहे, आणि तो माणूस मी आहे. देवानंदने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. चांगलं झालं होतं. ते जिभेवर घेऊन तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसाच बसून राहिला.

जेवणात झिंगे होते. मोठाले, बोटभर लांब मिशांचे, तेलात लाल झालेले. वाढप्याने अभिमानाने सांगितलं की आजच सकाळचे आहेत, आपल्या नदीचे. मंगेश सर बोटं चाटत म्हणाला, "या जिल्ह्याचं खरं सोनं हे आहे. याचं ब्रँडिंग व्हायला हवं." अधिकारी झिंग्यांची डोकी पिरगाळत होते, चोखत होते, टरफलं ताटाच्या कडेला रचत होते. त्यांच्या ओठांना तेलाची चमक आली होती. कुणालाही विचारावंसं वाटलं नाही की जिथे त्र्याऐंशी टक्के माणसं काही करत नाहीत, तिथे हे झिंगे पहाटे पाण्यातून स्वतःहून चालत आले का. देवानंद डाळ-भात खात होता. सगळ्यांसमोर तो शाकाहारी होता, चार वर्षांपासून. "नान्हे, तू म्हणजे ना, समुद्रात राहून कोरडा," सर म्हणाला आणि टेबल हसलं. सहावीतल्यासारखाच तोही हसला. झिंग्यांच्या एकजात मोठ्या आकारावरून त्याला कळत होतं की हे सेवकरामच्या जाळ्यातले आहेत. सोसायटीचा अध्यक्ष सेवकराम जाळ्याचे डोळे दोन बोटं रुंद विणतो, लहान झिंगा सुटून जावा म्हणून. ताटाकडेचं एक टरफल उचलून सराच्या तोंडात कोंबावं, अशी एक स्वच्छ, सुंदर इच्छा त्याच्या मनात येऊन गेली. मग त्याने ताक मागितलं.

हात धुण्याच्या जागी मात्र तो बोलला. आरशात सर दात कोरत होता. "सर, त्या टोलीच्या आकड्याचं जरा..." सराने काडी थांबवली नाही. "चुकलाय का? चुकला असेल तर आत्ता सांग. पहिल्या रांगेतले मोठे साहेब स्वतः विचारत होते, म्हणून मी त्यांना म्हटलं, दुपारी जागेवरच जाऊ, दोन माणसांशी बोलू, खात्री करून टाकू. आणि हे बघ, सर्वेक्षकाचा आकडा चुकला म्हणजे सर्वेक्षक चुकला, असं पुण्यात धरतात. तुझी कायम नोकरीची ऑर्डर मी कालच पुढे सरकवली आहे." आरशात देवानंदला स्वतःचा चेहरा दिसला. चेहरा नम्र होता. "नाही सर, मी म्हणत होतो, तिकडे रस्ता अरुंद आहे. लहान गाडी घेऊ." सर म्हणाला, "व्हेरी गुड."

मग तो संडासात गेला, कडी लावली आणि आईला फोन लावला. पलीकडून बायांचा कालवा ऐकू येत होता, आणि पाण्याचा. "आई, साहेब लोकं येऊन राहिले टोलीत. मी बी आहो संग." ती म्हणाली, "मंग जेवूनच जाजो ना बापा. मरळ आहे आज." तो एकदम खाली बघत म्हणाला, "नाही. आई, ऐक. मले ओळख नको दाखवू. कोणीच नको दाखवू. सांगजो सगळ्याइले." मग ती म्हणाली, "बरं जी." हे 'जी' ती परक्या माणसाला लावते. त्याने फोन ठेवला आणि उगाच पाणी सोडलं. पण आता त्याच्या डोक्यात एक युक्ती चमकली होती, आणि तिने त्याला बरं वाटू लागलं. पौष चालू आहे. टोलीचा काठ आज मासोळीने भरलेला असणार. डोंगे पाण्यात, जाळी ओली, बाया टोपल्या घेऊन बसलेल्या. साहेबांना डोळे आहेत. ते स्वतःच बघतील, स्वतःच विचारतील, आणि खरं काय ते देवानंदला तोंड न उघडता बाहेर पडेल. आकडा चुकला असं लोक म्हणतील, तो म्हणणार नाही. इतका पळपुटा विचार आपल्याला इतका आनंद देऊ शकतो, याचं त्याला नवल वाटलं, पण गाडीत बसताना तो जवळजवळ शीळ घालत होता.

टोलीच्या अलीकडे वास सुरू झाला आणि साहेबांनी काच वर केली. गोसीखुर्द धरणाचं पाणी तुंबल्यापासून नदी इथे वाहत नाही, पडून असते. वरच्या मोठ्या शहराचा मैला तिच्यात उतरतो आणि इथे येऊन विसावतो. कडेला जलपर्णीची गादी, तिच्यात अडकलेले फेसाचे गोळे, प्लास्टिक, एक फुगलेलं कुत्रं. लहानपणी ओंजळीने पाणी प्यायलो ते हेच, असं देवानंदला दरवेळी मुद्दाम आठवून घ्यावं लागे. टोलीला प्रदेशाशी जोडायचं म्हणे. मोठ्या शहराने रोज सकाळी जे धुऊन सोडलं ते इथे दुपारपर्यंत पोचत होतं. बाण उलट्या बाजूने कधीचाच काढलेला होता. "हे लोक राहतात कसे?" साहेब रुमालातून म्हणाले. मंगेश सर म्हणाला, "म्हणूनच तर हलवायचं, सर. माणुसकीचा प्रश्न आहे." देवानंदने बाहेर बघितलं. एका माणसाचं नाक मुरडणं आणि दुसऱ्याची माणुसकी यांत नेमकं जास्त ओंगळ काय, हे त्याला ठरवता येईना. आणि आपण स्वतः याच वासापायी घरच्या खिडक्या उघडतो, हे आठवलं तेव्हा तोही नाद त्याने सोडला.

काठ भरलेला होता. त्याच्या अपेक्षेहून जास्त भरलेला. चार डोंगे नुकतेच लागले होते, सेवकराम गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं झटकत होता, आणि दहा-बारा बाया ओळीने बसून रोहू, मरळ, झिंगे वेगळे करत होत्या. खवल्यांनी जमीन चकाकत होती. ओळीत तिसरी जमुनाबाई होती, कोपरापर्यंत ओल्या हातांची. तिने वर बघितलं. नजर देवानंदवर आली, आणि जराही न थांबता पुढे सरकून साहेबांच्या बुटांवर टेकली. "बसा जी साहेब," ती म्हणाली, आणि गोणपाट झटकून पसरलं. कुणी बसलं नाही. देवानंद साहेबांच्या तोंडाकडे बघत होता. आता विचारतील. आता विचारतीलच.

मंगेश सराने विचारलंही. तो अशा वेळी मोकळा, गमत्या होत असे. "मावशी, आमच्या या नान्हेसाहेबांनी पावसाळ्यात तुमचा सर्व्हे केला होता. ते म्हणतात, इथे बहुतेक लोक काहीच काम करत नाहीत. नदीचं तुम्हाला काही नाही. बरोबर आहे का? चूक असेल तर बिनधास्त सांगा." आणि हसत देवानंदच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यांची नोकरी जाईल, दुसरं काय होणार?"

पाण्यात उभा असलेला सेवकराम मान वर करून म्हणाला, "पण आमी त जी, हे..." त्याने जाळं उचलून दाखवायला सुरुवात केली होती. जमुनाबाई त्याच्याकडे वळली. "सेवकराम," ती हळू म्हणाली. एवढंच. सेवकरामने आधी तिच्याकडे बघितलं, मग देवानंदकडे, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, गळ्यातल्या कंपनीच्या पट्ट्याकडे. टोलीतून नोकरीला लागलेला हा एकच पोरगा. सेवकरामचा हात खाली आला आणि जाळं पाण्यात गेलं. तो पायाने ते डोंग्याखाली सारू लागला. ओळीतल्या बायांमध्ये कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पण एकीने पदर सोडून टोपलीवर टाकला, मग शेजारणीने, मग तिच्या पलीकडच्या गुड्डी नावाच्या पोरीने आपली ओढणी टाकली, आणि बघता बघता तो सगळा चकाकणारा काठ जुनेर लुगड्यांखाली झाकला गेला. काही टोपल्यांवरचे पदर आतून हलत होते. डोंग्यांवरचे पुरुष हात पुसत एकेक करून उतरले आणि काठावर जाऊन बसले, काम नसलेली माणसं बसतात तसे, गुडघ्यांना मिठी घालून.

"बरोबरच हाय जी," जमुनाबाई म्हणाली. "ह्या साहेबानं लिवलं ते बरोबर हाय. आमी काही नाही करत." ती धीटपणे बोलत होती, तिच्या आवाजात थोडा तोरासुद्धा होता. आपल्या पोराचं लिहिलेलं खोटं पडू दिलं नाही, याचा तो तोरा होता. त्या लिहिण्याने तिची चूल, तिची नदी, हे सगळं अकरा किलोमीटरवरच्या पत्र्यांत जाणार, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगू शकेल असा एकच माणूस तिच्यापासून चार पावलांवर उभा होता, आणि तो गळ्यातला पट्टा सरळ करत होता. सगळ्यांनी मिळून आपल्याला वाचवलं, असं त्याला दिसत होतं, आणि ही माया त्याला नालीतल्या गाळाहून घाण वाटली, कारण तिच्यात तो गळ्यापर्यंत उभा होता आणि उबदार वाटत होतं.

साहेब फार हुशार नव्हते, पण आंधळेही नव्हते. ते रुमाल नाकाला लावून दोन पावलं पुढे आले आणि जमुनाबाईसमोरच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणाले, "मग यात काय आहे?"

"काही नाही जी. घरच्यापुरतं." तिने हलणाऱ्या पदरावर तळहात दाबून धरला.

साहेबांनी ओळीवरून नजर फिरवली, बारा टोपल्यांवरून, आणि देवानंदकडे वळले. "काय हो? सर्व्हे तुमचा आहे. घरच्यापुरतंच ना?"

आई वर बघत नव्हती. कुणीच बघत नव्हतं.

"घरच्यापुरतंच, सर," देवानंद म्हणाला.

मंगेश सराने टॅबवर काहीतरी खूण केली. पडताळणी झाली, असं तो साहेबांना म्हणाला, आणि सगळे गाडीकडे निघाले. चढ निसरडा होता. देवानंद शेवटी होता. मागून आईचा आवाज आला, परक्या पाहुण्याला घालतात तशा अदबीने.

"साहेब, जपून जा जी. घसरन हाय तिथं."

तो जपून चढला.